पेज मंडळाची कंपनी होते

आमच्या बिल्डिंगमध्ये आजारी पडण्याचे दोन नियम आहेत. पहिला, जो अंथरुणातून शेवटचा उठला त्याने पुढच्या आजाऱ्याला पेज करून न्यायची. दुसरा, आजाऱ्याने पेजेला नावं ठेवायची नाहीत. या दोन नियमांवर जे चालतं त्याला आम्ही पेज मंडळ म्हणतो. अध्यक्ष नाही, खजिनदार नाही, त्यामुळे भांडणंही नाहीत. एक टोप आहे, बस्स.

टोप नर्मदाकाकूंचा. त्या मुलाकडे, विघ्नेशकडे, इथे शारजातल्या रोल्लात राहायला आल्या तेव्हा कुडाळच्या बाजारातून घेतलेला हा टोप विमानात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सामानात टाकला तर चेपेल, ही भीती. शारजाला उतरताना झाकण हातातून निसटलं आणि चेपलंच. तो पोचा अजून आहे.

आमच्या सात मराठी घरांत हा टोप फिरत असतो. पेज घेऊन आजाऱ्याकडे गेला की तिथेच राहतो. धुऊन परत करायचा नाही, रिकामं भांडं देऊ नये म्हणून चमचाभर साखर घालून तर मुळीच नाही. माणूस बरा झाला की टोप त्याच्याच ओट्यावर बसतो, आणि बिल्डिंगमध्ये पुढचं कोणी तापलं की तोच माणूस उकडे तांदूळ धुवायला घेतो. नुकता उठलेला असतो ना, त्यामुळे पेज कशी हवी, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आता कोणी म्हणेल, तिथे तर सगळ्यांचा विमा असतो. असतो ना. नोकरीबरोबर कार्ड मिळतं, दवाखाना, औषधं सगळं कार्ड बघतं. पण कार्ड पेज करत नाही. कार्ड उशाशी बसून "आणि एक घोट घ्या बघू" असंही म्हणत नाही.

मी स्मिता. तिसऱ्या मजल्यावर मी, माझा नवरा अनिल आणि मुलगी मिहिका राहतो. आमच्या घरी हा टोप कधी आलाच नव्हता, कारण आमच्याकडे कोणी धड आजारीच पडत नाही. मी आपली सगळ्यांकडे पेजेबरोबर लोणचं पाठवायची, त्यांच्या मुलांना शाळेतून आणायची. पण खरं सांगते, मला त्या झोपलेल्या बायकांचा हेवा वाटायचा. सकाळी नर्सरी शाळेच्या ऑफिसात, दुपारपासून घरच्या ओट्याशी, अशी मी इतकी वर्षं उभी आहे. एकदा तरी आपण आडवं व्हावं, दाराची बेल वाजावी आणि टोप आत यावा, एवढीच माझी इच्छा. त्यामुळे पित्ताशयात खडे निघाले आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा मी घाबरले हे खरं, पण पोटात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. माझ्या आईला गुडघ्यांमुळे विमान झेपत नाही. अनिलला चहापलीकडे काही येत नाही. पण मंडळ होतं. मी निर्धास्त होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात अनिलच्या ऑफिसने त्याला वेबिनारला बसवलं.

अनिल दुबईत देराला एका इन्शुरन्स ब्रोकरकडे आहे. माणूस गरीब स्वभावाचा, पण नवीन काही शिकला की ते कुठेतरी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. वेबिनार होता अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या कायद्यावर. तिथे म्हणे लोक एकत्र येऊन आरोग्याच्या सहकारी संस्था चालवतात, आणि अशा संस्थेची विमा कंपनी करायची असेल तर त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तीन दिवस तो लॅपटॉपसमोर कान टवकारून बसला. चौथ्या दिवशी जेवताना त्याने भाताकडे एकटक बघितलं आणि म्हणाला, "स्मिता, आपलं पेज मंडळ म्हणजे टेक्निकली हेल्थ केअर कोऑपरेटिव्हच आहे."

"आमटी वाढू?"

"त्याचं कन्व्हर्जन करता येईल. प्रॉपर प्रोसिजर आहे. प्लॅन, पब्लिक हिअरिंग, मेंबरांचं व्होटिंग, आणि प्रत्येक मेंबरला त्याच्या हक्काचे शेअर."

"अरे पण इथे विमा कंपनी काढायला लायसन्स लागतं. उगाच जेलात जाशील."

"मी पैसे कुठे घेतोय? प्रीमियम तांदळात. ही कंपनी नाहीच, कंपनीसारखी आहे. पायलट."

पायलट म्हटलं की माणसाला काहीही करायची मुभा मिळते, असं दिसतं.

मिहिका मान वर न करता म्हणाली, "पप्पा, प्लीज डोन्ट. आय लिव्ह हिअर."

कायद्यात जाहीर सुनावणी होती म्हणून अनिलने लिफ्टमध्ये कागद चिकटवला. सुनावणीला एकटा अबरार आला. अबरार आमचा वॉचमन. तो मंडळात नाही, पण कागद आपल्या लिफ्टमध्ये लागलाय म्हणजे आपल्याला बोलावलंय, असं त्याला वाटलं. "साहब, दूसरे माले का बटन खराब है. कंपनी ठीक करेगी?" त्याने विचारलं. अनिलने ते गंभीरपणे लिहून घेतलं आणि सुनावणी संपली.

मतदान शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये झालं. अनिलने मला बटाटेवडे करायला लावले. खडे असलेल्या बाईने तळणीसमोर उभं राहायचं आणि तिनेच ते खायचे नाहीत, हा कुठला न्याय, असं मी बोललेसुद्धा. सगळे आले. अनिलने पडद्यावर चित्रं दाखवली. मंडळाच्या मालमत्तेचं मूल्यांकन झालं. टोप चाळीस दिरहॅम, म्हणजे नऊशे-साडेनऊशे रुपये, पोच्याबद्दल घट. डाव, गरम पाण्याची पिशवी, वाफ घ्यायचं यंत्र. या सगळ्याचे शेअर पाडले. पहिल्या मजल्यावरच्या नागेशच्या वाट्याला हिशेबाने गरम पाण्याच्या पिशवीचं झाकण आलं. नागेश एकटा राहतो, हमरिया फ्री झोनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. अलीकडेच तापातून उठलेला, म्हणून टोप त्याच्याकडे होता.

"दादा, झाकणाचं मी काय करू?" त्याने विचारलं.

"होल्ड कर. व्हॅल्यू वाढेल."

मग अनिल म्हणाला, "जे बाजूने आहेत त्यांनी हात वर करा." त्याच क्षणी मी वड्यांचा दुसरा घाणा घेऊन बाहेर आले. सगळ्यांचे हात वर गेले. चौथ्या मजल्यावरचे खैरुद्दीनभाई, श्रीवर्धनचे, हमरियातच स्टोअरकीपर आहेत, त्यांनी तर चटणीसाठी दुसराही हात वर केला. अनिलने तोही मोजला. फक्त काकूंचा हात खाली होता.

"काकू, तुमचा विरोध आहे का?"

"माझो खांदो दुखता," काकू म्हणाल्या आणि वडा तोडला.

अशी पेज मंडळाची कंपनी झाली. टोप नागेशकडून आमच्याकडे आला, कारण कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणजे आमचं स्वयंपाकघर. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते तो टोप आमच्या दारातून आत आला तो रिकामा, अनिलच्या काखेत. मला भयंकर राग आला, पण तेव्हा तो कशाचा, हे मला नीट सांगता आलं नसतं.

प्रीमियम यायला लागला. घरटी दोन किलो उकडे तांदूळ. कंपनीला राखीव निधी लागतो, कायद्यात आहे म्हणे. डबे भरले, बादल्या भरल्या, शेवटी अनिलने बाथटबात चादर अंथरून तांदूळ ओतले. इथल्या घरांत बाथटब असतोच आणि त्यात कोणी आंघोळ करत नाही, हे मान्य. तरीपण रोज सकाळी दात घासताना शेजारी टबभर तांदूळ बघायचे म्हणजे काय?

पेज कोण करणार, हा प्रश्न होता. जुना नियम गेला होता. आता म्हणे 'नेटवर्क'. अनिल खालच्या केरळी कॅफेटेरियात टाय-अप करायला गेला. कॅफेटेरियावाला म्हणाला, "हबीबी, कंजी सिर्फ रमजान में." कंजी म्हणजे त्यांची पेज. अनिल म्हणाला, इन्शाल्ला काहीतरी होईल.

आणि खैरुद्दीनभाईंची कंबर धरली. गॅसचं सिलिंडर सरकवायला वाकले ते वाकलेलेच राहिले. त्यांच्या बायकोने, फिरदोसभाभींनी, सवयीने नागेशला फोन केला. नागेशने सवयीने टोप शोधला. टोप आमच्याकडे. अनिलने दोघांना सांगितलं, आधी क्लेम करा. व्हॉट्सॲपवर आजारपणाचा पुरावा पाठवा.

खैरुद्दीनभाईंनी कंबरेचा फोटो पाठवला. अनिलचं उत्तर आलं, "फोटोत दुखणं दिसत नाही."

हे त्याने फोटोसकट सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. फिरदोसभाभींचा लगेच मला फोन आला, "स्मिता, पूर्ण बिल्डिंगला माझ्या नवऱ्याची कंबर दाखवायची होती का?" नागेशने शेवटी आपल्या प्रेशर कुकरमध्ये पेज केली आणि पिशवीत लपवून जिन्याने चौथ्या मजल्यावर नेली. अनिलला वास लागला. "ही अनऑथोराइज्ड पेज आहे," तो म्हणाला. क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज गेला तेव्हा खैरुद्दीनभाई हमरियात कामावर पोचून माल मोजत होते.

ते मला लिफ्टमध्ये भेटले. "वहिनी," ते म्हणाले, "एवढी वर्षं आपण एकमेकांच्या घरची पेज प्यायलो. मला कधी कुणी पुरावा मागितला नव्हता." आणि तळमजला येईपर्यंत बटणांकडे बघत राहिले. मला लिफ्टच्या फरशीत शिरावंसं वाटलं.

माझं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं. मी अनिलला सरळ विचारलं, "घरी आले की माझी पेज कुठून येणार?"

त्याने चष्मा काढून पुसला. नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला की बायकोने खुर्ची धरून बसावं.

"स्मिता, प्रॉब्लेम असा आहे की तुझे खडे कंपनीच्या आधीचे आहेत. प्री-एक्झिस्टिंग."

"आपलं लग्नसुद्धा प्री-एक्झिस्टिंग आहे."

"आणि मीच माझ्या बायकोचा क्लेम पास केला तर लोक काय म्हणतील? खैरुद्दीनभाईंना पुरावा मागितला आणि बायकोला फुकट? मला ते जमणार नाही. मी करेन ना तुझं सगळं. सुट्टी घेतलीये मी."

त्याचं म्हणणं पक्षपाताचं नव्हतं, हीच तर पंचाईत. चिडायलासुद्धा धड जागा नव्हती. मी तरीही चिडले. उशी घेऊन मिहिकाच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मिहिकाने हेडफोन काढला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मम्मा, आय कॅन मेक नूडल्स."

ऑपरेशन चांगलं झालं. कार्डाने सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले, पलंगावर आडवी झाले, आणि वाट बघू लागले. बेल वाजली नाही. कोण येणार? नागेशला अनऑथोराइज्ड ठरवलेलं, खैरुद्दीनभाईंचं मन दुखावलेलं, बाकीच्यांना वाटत होतं की आता कंपनी बघेल. कंपनी स्वयंपाकघरात ओट्सचं पातेलं घासत होती, कारण ओट्स तळाला लागले होते. टोप तिथेच ओट्यावर, माझ्या पलंगापासून एका भिंतीपलीकडे, आणि मी उपाशी. संध्याकाळी अनिलने टोस्ट आणला. एका बाजूने काळा, एका बाजूने कच्चा. असा टोस्ट करायला वेगळी हुशारी लागते, असं मी त्याला ऐकवलं. रात्रीही टोस्टच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून मिहिकाचा आवाज आला. "पप्पा! युअर रिझर्व्ह इज वॉकिंग!"

तांदळात सोंडे झाले होते. टबाच्या काठावरून रांगेने वर येत होते, काही आरशापर्यंत पोचले होते. अनिल गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी पोट धरून हळूहळू दारापर्यंत गेले. तो टबाच्या काठावर बसला होता. एक सोंडा त्याच्या बाहीवर चढत होता आणि तो त्याला झटकतही नव्हता.

"खलास," तो म्हणाला. "कायद्याप्रमाणे सगळं बरोबर केलं मी. सगळं. आणि तुला दोन घोट पेज मिळेना."

त्याच्याकडे बघून मला इतकी माया आली की राग जायच्या आधीच आली. मी म्हटलं, "जा, काकूंना सांगून ये."

तो गेला आणि थोड्याच वेळात सगळ्यांना घेऊन आला. काकू, नागेश, खैरुद्दीनभाई, भाभी. भाभी आधी माझ्याकडे आल्या, पायावर चादर सारखी केली. पलंगावरून मला हॉल दिसत होता. अनिल मध्यभागी उभा राहिला. आधी त्याने खैरुद्दीनभाईंची माफी मागितली, चारचौघांत, हात जोडून. खैरुद्दीनभाई म्हणाले, "जाऊ दे मियाँ, कंबर पण बरी झाली." मग अनिलने घसा खाकरला. "कंपनी बंद करायलाही प्रोसिजर आहे. आधी एक ठराव, मग व्होटिंग..."

"गप रे," काकू म्हणाल्या. "माका एक सांग. टोप खंय आसा?"

"आमच्याकडे."

"टोप जेच्या घरात, पेज कोण करता?"

"तोच. पण काकू, तो नियम आजारपणातून उठलेल्यासाठी आहे. मी आजारी कुठे होतो?"

"होतंस तर! इतके दिवस होतंस. सगळ्यांनी बघलंय." काकूंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आता उतरलो दिसता. उठलंस मां? मगे लाग कामाक."

नागेश आधी हसला, मग खैरुद्दीनभाई. मीही हसले, टाके ओढले गेले, ओरडले, आणि पुन्हा हसले. अनिलने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

हॉलमध्ये चादर पसरून सगळे तांदूळ निवडायला बसले. सोंड्यांची वाटी नागेशने गॅलरीत नेऊन कबुतरांना दिली. स्वयंपाकघरात काकू स्टुलावर बसल्या, हाताला काही लावलं नाही, नुसत्या बोलत होत्या. "पाणी घाल. अजून घाल. तो डाव हा, छडी न्हय." बऱ्याच वेळाने वास आला. उकड्या तांदळाचा तो वास, जो इतकी वर्षं मला फक्त लोणचं द्यायला गेल्यावर दुसऱ्यांच्या दारात यायचा.

मग अचानक सगळं शांत झालं. मला पुढचं दार उघडून बंद झाल्याचं ऐकू आलं. आणि थोड्या वेळाने बेल वाजली.

मिहिका गेली. "येस?"

"पेज मंडळ," बाहेरून अनिलचा आवाज. "स्मिता इथेच राहतात का?"

"पप्पा, यू आर सो वीअर्ड," ती म्हणाली, पण तिने दार पूर्ण उघडलं.

तो आत आला. दोन्ही हातांत फडक्याने धरलेला टोप, चेपलेलं झाकण, चष्म्यावर वाफ. मागून अबरारही आला होता, लिफ्टचं दार धरून ठेवायला, कारण अनिल टोप घेऊन खरोखर तळमजल्यापर्यंत जाऊन आला होता. काकूंनी सांगितलं होतं म्हणे, आपल्या घरातून आपल्याच घरात जायचं तर निदान खाली जाऊन तरी ये. अनिल माझ्या उशाशी बसला, वाडग्यात पेज ओतली, चमचा फुंकला आणि माझ्या तोंडाशी धरला.

सगळे दारात उभे राहून बघत होते. पेजेत मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. शितं काही विरघळलेली, काही टणक, आणि मागाहून किंचित करपल्याची चव. मी तोंड उघडलं. या माणसाच्या हातचं काहीही असलं की मी इतकी वर्षं तोंड उघडून नावं ठेवत आलेय, आताही ठेवणार होते, पण दुसरा नियम आठवला.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

मी वाडगा त्याच्या हातातून घेतला, संपवला, पुढे केला आणि म्हटलं, "अजून घाल."